परसदारची फरसबंदी: आधी खड्डा, मग ब्लॉक

पाऊस ओसरला, दिवाळी पार पडली, की बंगल्याच्या मागच्या मोकळ्या तुकड्याकडे घरच्यांचं लक्ष जातं. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा. तिथे पेव्हर ब्लॉक बसवले तर चार खुर्च्या मांडता येतील, कुरडया वाळत घालता येतील, असा बेत ठरतो आणि मंडळी ब्लॉकचा रंग निवडायला दुकान गाठतात. लाल की राखाडी, यावर घरात आठवडाभर खल होतो. खाली काय घालायचं, ते मात्र कंत्राटदारावर सोडून दिलेलं असतं. माझं म्हणणं नेमकं उलट आहे: रंग कंत्राटदाराला निवडू द्या, खड्ड्यापाशी स्वतः उभे राहा.

कारण लादी आणि ब्लॉक यांची जात वेगळी. लादी सिमेंटच्या मालात चिकटवलेली असते. ब्लॉक कशालाच चिकटलेला नसतो. खाली वाळूची गादी, सांध्यांत बारीक वाळू आणि चारी बाजूंनी पक्की कड, एवढ्यावर ब्लॉक एकमेकांना आवळून धरतात आणि एकावरचा भार शेजारच्यांत वाटला जातो. यातलं काही ढिलं पडलं की ब्लॉक डुगडुगतो, पाय पडताच सांध्यातून गढूळ पाण्याची चिळकांडी उडते. मुंबईच्या रस्त्यांवर ब्लॉक बदनाम झाले ते बरेचसे याच पायी. बिचाऱ्या ब्लॉकचा त्यात फारसा दोष नव्हता.

आधी माती पाहावी. कोकणात जांभ्याची कठीण जमीन असेल तर अर्धी लढाई जिंकली. देशावरची काळी माती मात्र पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट फरसबंदी केली तर वर्षभरात लाटा उठतात. अशी माती दीड-दोन फूट काढून मुरूम भरणं महाग पडतं, पण त्याला स्वस्त पर्याय मला तरी दिसलेला नाही. बऱ्या जमिनीत साधारण दहा इंचांचा खड्डा पुरतो: सहा इंच मुरूम-खडी, दीड इंच वाळू आणि वर ६० मिलिमीटरचा ब्लॉक. बारा बाय पंधरा फुटांच्या जागेला दाबलेला मुरूम ९० घनफूट लागतो. मुरूम दाबल्यावर बसतो, त्यामुळे मागवताना सव्वा ब्रास तरी सांगावा. तो एकदम ओतून वरून धुमस फिरवण्यात अर्थ नाही. तीन-चार इंचांचा थर, पाण्याचा शिडकावा, मग कॉम्पॅक्टर. आणि पुन्हा तेच.

सगळ्यात जास्त वेळ उताराला द्यावा. दर फुटाला पाव इंच हा हिशोब सोपा आहे. घराच्या भिंतीपासून कुंपणाकडे बारा फूट जायचं तर तीन इंच उतार. मिस्त्री लेव्हल पाइप घेऊन येतो: पारदर्शक नळी, आत पाणी. एक टोक भिंतीपाशी, दुसरं कुंपणाच्या खुंटीपाशी. पाणी स्थिर झालं की दोन्हीकडे समपातळीची खूण करायची आणि कुंपणाकडच्या खुणेपासून तीन इंच खाली दोरी बांधायची. नळीत हवेचा एखादा बुडबुडा राहिला तर सगळं मोजमाप खोटं ठरतं, म्हणून मुरलेला मिस्त्री आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं दिसतंय ना, ते बघतो. हा उतार खड्ड्याच्या तळापासूनच द्यायचा. वाळू कमीजास्त करून आणलेला उतार टिकत नाही. फरसबंदी जोत्याच्या खालीच राहिली पाहिजे, नाहीतर भिंतीला ओल धरते. आणि ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं कृपा करून गाडू नका. चोकअप झाल्यावर चेंबर शोधत निम्मं अंगण उखडावं लागतं.

गादीला आपल्याकडे सर्रास कच वापरतात. तिच्यात पूड फार असेल तर ती पाणी धरून ठेवते आणि गादीचा चिखल होतो. धुतलेली, जाडसर क्रश सँड बरी. ती सरळ पट्टीने ओढून सारखी करायची आणि मग तिच्यावर पाय द्यायचा नाही. ब्लॉक कोपऱ्यातून लावत, लावलेल्या ब्लॉकांवरच उभं राहून पुढे सरकायचं.

ब्लॉकबद्दल थोडक्यात. भारतीय मानक १५६५८ नुसार नुसत्या पायी वर्दळीला ५० मिलिमीटर जाडी आणि एम-३० प्रतीचं काँक्रीट चालतं, हलक्या वाहनांना ६० मिलिमीटर आणि एम-३५. मागच्या दारी आज ना उद्या स्कूटर येतेच, तेव्हा ६० चे घ्यावेत. रबरी साच्यातले चकचकीत ब्लॉक दुकानात देखणे दिसतात, पावसाळ्यात शेवाळल्यावर त्यांच्यावरून घसरायला होतं. मशिनवर दाबून काढलेले खरबरीत ब्लॉक घ्या. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटून पाहा. आवाज खणखणीत यायला हवा, बद्द नको. २०० बाय १०० मिलिमीटरचे आयताकृती ब्लॉक चौरस मीटरला ५० लागतात, म्हणजे आपल्या जागेला तूटफूट धरून पावणेनऊशे. एकेकाचं वजन तीन किलोंच्या आसपास. अडीच टनांचा टेम्पो फाटकाशी कुठे रिकामा करायचा, ते आधीच ठरवा.

कडेला काँक्रीटची पट्टी हवीच. तिच्यावाचून टोकाची ओळ सरकते आणि तिच्यामागून बाकीच्या. मग कॉम्पॅक्टर फिरवायचा आणि कोरडी बारीक वाळू झाडूने सांध्यांत सारायची, सांधे भरेपर्यंत. या टप्प्यावर मिस्त्री हमखास म्हणतो, “साहेब, वरून सिमेंटचा घोळ ओततो, एकदम पक्कं होईल.” ओतू देऊ नका. घोळ सुकला की सगळी फरशी एकसंध ताठ होते, जमीन जराशी हलली की तिला तडे जातात, आणि सांध्यांतून जिरणारं थोडंफार पाणीही अडतं. आंब्याच्या किंवा शेवग्याच्या बुंध्याभोवती मात्र ऐसपैस माती उघडी ठेवा.

पहिल्या पावसाळ्यात एखादा कोपरा खचला तर घाबरायचं कारण नाही. दोन स्क्रू-ड्रायव्हर सांध्यांत घालून पहिला ब्लॉक उचकटायचा, बाकीचे हाताने निघतात. खाली वाळू भरून सारखी करायची आणि तेच ब्लॉक पुन्हा बसवायचे. फुटलेल्यांच्या जागी लावायला वीस-पंचवीस ब्लॉक जिन्याखाली राखून ठेवा. पुढच्या वर्षीच्या मालाचा रंग याच्याशी जुळेलच असं नाही.