ग्रामीण स्वयंपाकघरातील धूर व गृहांतर्गत हवेची गुणवत्ता

वायुप्रदूषण म्हटले की कारखान्यांची धुराडी व रस्त्यांवरील वाहने डोळ्यांसमोर येतात. भारताने २००९ साली निश्चित केलेली हवेच्या गुणवत्तेची राष्ट्रीय मानकेही घराबाहेरील हवेसाठीच आहेत. चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीला मात्र सर्वाधिक धूर मिळतो तो घरातच, हातभर अंतरावरून.

गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाटी ही इंधने चुलीत पूर्णपणे जळत नाहीत. सरपण ओले असल्यास ज्वलन अधिकच अपुरे राहते. त्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू आणि २.५ मायक्रोमीटरपेक्षा लहान कण बाहेर पडतात. हे कण फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. आयुष्यात कधीही धूम्रपान न केलेल्या स्त्रियांना होणारा श्वसनमार्गाचा दीर्घकालीन विकार व लहान मुलांचा न्यूमोनिया यांच्याशी या धुराचा निकटचा संबंध आहे.

१९८३ च्या सुमारास सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमाने धुराड्याच्या चुलीचा प्रसार केला. २००२ मध्ये केंद्र शासनाने तो थांबविला. धुराडे धूर खोलीबाहेर नेते, कमी करीत नाही. शिवाय काजळी वेळच्या वेळी काढावी लागते. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन व रेमा हॅना यांनी ओडिशात केलेल्या व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या वर्षी धुराचा संपर्क घटला. पुढे चुलींचा वापर व देखभाल कमी होऊन तो लाभ नाहीसा झाला.

२०१६ मधील उज्ज्वला योजनेमुळे गॅसजोडणी गरीब घरांत पोहोचली. तरीही अनेक घरांत चहा-भाजी गॅसवर, तर भाकरी व आंघोळीचे पाणी चुलीवर, अशी विभागणी आढळते. (चुलीवरचीच भाकरी गोड, हे मत बहुधा खाणाऱ्याचे असते, थापणारीचे नव्हे.) येथेच खरी अडचण आहे. धूर निम्मा झाला म्हणून आजार निम्मे होत नाहीत; संपर्क अगदी खालच्या पातळीवर आल्याशिवाय धोका फारसा उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली या सूक्ष्म कणांसाठी सुचविलेली वार्षिक सरासरी मर्यादा दर घनमीटरमागे केवळ ५ मायक्रोग्रॅम आहे.

त्यामुळे किती जोडण्या दिल्या यापेक्षा एका घरात वर्षाला किती सिलिंडर भरले जातात, हा आकडा अधिक बोलका ठरतो. पाणी तापविण्याची चूल परसात नेणे, सरपण वाळवून वापरणे व चुलीच्या वरच्या बाजूस झरोका ठेवणे हे तात्पुरते, तरीही आवश्यक उपाय होत. सिलिंडर संपल्यावर तो पुन्हा भरावयाचा की सरपण आणावयाचे, हा निर्णय मात्र बहुतेक घरांत चुलीपुढे न बसणाऱ्याच्या हाती असतो.