मोटारीला गंज चढू देऊ नका

आंब्याच्या पैशांतून पुष्कळजण जुनी मोटार घेतात. ती घाटावर चांगली चाललेली असते. आपल्या रत्नागिरीत आली, की काही वर्षांत तिच्या पत्र्याला फोड येतात. असे का होते?

लोखंडाला हवा आणि पाणी मिळाले, की गंज चढतो. त्यात मीठ आले, की गंज भराभर वाढतो. समुद्राचे खारे तुषार वाऱ्याबरोबर येतात. मांडवी, मिऱ्या, भाट्ये या बाजूंना खिडक्यांचे गजसुद्धा गंजतात. मोटारीचे मग काय!

वरचा पत्रा रंगामुळे तगतो. पण खाली कोण बघतो? तिथे लाल चिखल बसतो आणि ओल धरून ठेवतो. ब्रेकच्या तेलाची नळी खालूनच जाते. पुष्कळ मोटारींत ती लोखंडी असते. ती गंजून फुटली, तर ब्रेक नीट लागत नाही. आंबा घाट उतरताना असे झाले तर?

म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला मोटारीची खालची बाजू धुवा. पाणी गोडे हवे. खाडीकाठच्या विहिरीचे मचूळ पाणी चालत नाही. चाकांवरच्या पत्र्याच्या आत हात घालून चिखल काढा. दरवाजाच्या तळाशी बारीक भोके असतात, ती काडीने मोकळी करा. ओली मोटार ताडपत्रीने झाकू नका. हौसेने पुळणीवर नेलीत, तर त्याच दिवशी धुवा.

पावसाळा संपला, की ब्रेकच्या नळ्या गॅरेजात तपासून घ्या. मिस्त्री उभ्याउभ्याच "चालतंय" म्हणाला, तर आम्ही म्हणतो, त्याला बत्ती घेऊन खाली वाकायला लावा. तुम्हीही वाका.