तबकडीवादक, उच्च दर्जाचा

प्रकाशीय तबकडीवर अंकीय स्वरूपात नोंदलेला ध्वनी किंवा चित्र लेसर शलाकेने वाचून ते विवर्धकाकडे वा पडद्याकडे पाठविणाऱ्या साधनास तबकडीवादक म्हणतात. साधारण वादकाच्या कित्येक पट किमतीच्या, भक्कम बांधणीच्या व अनेक प्रकारच्या तबकड्या वाजविणाऱ्या यंत्रांना उच्च दर्जाचे वादक म्हणण्याचा प्रघात आहे. हा दर्जा प्रत्यक्ष ऐकू येतो किंवा दिसतो काय, आणि येत असल्यास तो यंत्राच्या कोणत्या भागामुळे, हे ठरविणे म्हणजे त्याचे मूल्यमापन होय. ग्रामोफोनच्या बाबतीत सुईचा दाब, फिरत्या तबकाची गती किंवा भुजेचा तोल यांत थोडा फरक पडला, तरी तो कानाला कळतो. अंकीय तबकडीचे तसे नाही. जुन्या साधनाची पारख नव्याला लावल्यामुळे या विषयात बरेच गैरसमज रूढ झाले आहेत.

तबकडीचे वाचन : फिलिप्स व सोनी यांनी मिळून विकसित केलेली सीडी ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये विक्रीस आली. तीमागून आलेल्या डीव्हीडी व ब्ल्यू-रे तबकड्यांचा व्यास सीडीइतकाच, म्हणजे १२ सेंमी. व जाडी १.२ मिमी. आहे, मात्र त्यांवरील सर्पिल मार्ग उत्तरोत्तर दाट होत गेला. लगतच्या दोन वेढ्यांतील अंतर सीडीत १.६, डीव्हीडीत ०.७४ व ब्ल्यू-रेत ०.३२ मायक्रोमीटर असते. हे वेढे वाचण्यास अनुक्रमे ७८०, ६५० व ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश लागतो. त्यामुळे सर्व तबकड्या वाजविणाऱ्या यंत्रात तिन्ही तरंगलांबींच्या लेसरांची सोय करावी लागते.

तबकडीवर धूळ, बोटांचे ठसे व ओरखडे असणारच, हे गृहीत धरून सीडीवरील माहितीत दुरुस्तीसाठी जादा संकेत मिसळलेले असतात आणि मूळ माहिती मार्गावर विखुरून लिहिलेली असते. त्यामुळे मार्गाचा सु. २.५ मिमी. लांबीचा भाग सलग नष्ट झाला, तरी त्यावरील मजकूर जसाच्या तसा परत मिळविता येतो. याचा अर्थ असा की, तबकडी सुस्थितीत असेल तर स्वस्त व महाग वादक तेच अंक वाचतात. वादकाचे अंकीय निर्गत संगणकात साठवून दुसऱ्या वादकाच्या निर्गताशी अंकाला अंक ताडून पाहिल्यास याची खात्री पटते. जड पेटी किंवा धातूचा खण यांमुळे अंक अधिक शुद्ध होत नाहीत. यंत्रणेची गुणवत्ता दिसते ती अन्यत्र : ओरखडलेली तबकडी न अडखळता वाजणे, फिरताना व पंख्यामुळे होणारा आवाज शांत खोलीत ऐकू न येणे, आणि लेसर व चालित्र दीर्घकाळ टिकणे.

ध्वनी : सीडीवर ध्वनीचे दर सेकंदास ४४,१०० नमुने नोंदलेले असतात व प्रत्येक नमुना १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पातळ्यांपैकी एक असतो. त्यामुळे सर्वांत मोठा व सर्वांत क्षीण ध्वनी यांत सु. ९६ डेसिबेलांचे अंतर राहू शकते. हे अंक पुन्हा विद्युत् दाबात बदलण्याचे काम परिवर्तक करतो. परिवर्तकाचा दर्जा पेटीवर छापलेल्या बिटांच्या संख्येवरून ठरवू नये, याचे चांगले उदाहरण फिलिप्सच्या पहिल्या वादकांत सापडते. त्यांतील परिवर्तक १४ बिटांचाच होता. पण नमुन्यांची संख्या चौपट करून व गोंगाट श्राव्य पट्ट्याबाहेर ढकलून त्याच्याकडून १६ बिटांच्या तोडीचे काम करून घेतले होते.

परिवर्तकाचा गोंगाट, विरूपण व कंप्रता-प्रतिसाद उपकरणांनी मोजता येतात आणि आज मध्यम किमतीच्या वादकांतही ते श्रवणाच्या मर्यादेपलीकडे गेलेले आढळतात. म्हणून कानाने परीक्षा घ्यावयाची तर फार काटेकोरपणे घ्यावी लागते. दोन वादकांच्या पातळीत अर्ध्या डेसिबेलाचा फरक असला, तरी मोठा आवाज ऐकणाऱ्यास ‘मोठा’ वाटत नाही, ‘अधिक जिवंत’ वाटतो. विक्रेत्याच्या दालनातील पुष्कळ चमत्कार एवढ्यातच संपतात. यासाठी दोन्हींचा दाब व्होल्टमापकाने ०.१ डेसिबेलाच्या आत जुळवावा, आणि कोणते यंत्र चालू आहे हे ऐकणाऱ्याला व बदल करणाऱ्यालाही कळू देऊ नये. सोळा वेळांपैकी बारा वेळा ओळख बरोबर ठरली, तर ती निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. एकदोनदा ऐकून दिलेल्या निर्णयाला मोल नाही. मायर व मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एसएसीडी या अधिक क्षमतेच्या तबकडीचा ध्वनी एकदा थेट व एकदा सीडीच्या मर्यादेत बसवून ऐकविला होता. एकूण ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून यावीत तेवढीच. आवाज नेहमीपेक्षा बराच वाढविल्यावर मात्र शांत जागी सीडीचा गोंगाट ऐकू येऊ शकला.

आणखी एक गोष्ट ग्राहकाच्या सहसा लक्षात येत नाही. वादक विवर्धकाला एचडीएमआय तारेने जोडला, तर अंक तसेच पुढे जातात व परिवर्तन विवर्धकात होते. ज्या परिवर्तकासाठी जादा किंमत मोजली, तो अशा वेळी स्वस्थ बसून असतो.

चित्र : चित्राच्या बाबतीत वादकांतील फरक अधिक खरा आहे. डीव्हीडीवर पुष्कळदा एका चौकटीच्या सम व विषम रेषा वेगवेगळ्या क्षणी नोंदलेल्या असतात. त्या नीट न जुळविल्यास हलत्या वस्तूच्या कडेला कंगव्याचे दाते दिसतात. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट ६० वेळा उजळणाऱ्या पडद्यावर दाखविताना चौकटी आळीपाळीने दोनदा व तीनदा दाखवाव्या लागतात आणि कॅमेरा संथपणे वळताना चित्र अडखळते. परीक्षणासाठी फडकता ध्वज, फिरती तिरपी रेषा व प्रेक्षागाराच्या बाकांच्या रांगा यांची दृश्ये उपयोगी पडतात. पॅल पद्धतीच्या डीव्हीडीत मात्र २४ ऐवजी २५ चौकटी चालवतात. त्यामुळे वेग ४ टक्क्यांनी वाढतो व स्वर दुरुस्त केलेला नसेल तर गाणे अर्ध्या स्वराच्या सु. ०.७ पट चढे ऐकू येते. हा दोष वादकाचा नव्हे.

मुळात नसलेला तपशील कोणताही वादक निर्माण करू शकत नाही. अनेक मराठी नाटके व चित्रपट व्हीसीडीवर विकले गेले आणि त्यांची चौकट ३५२ × २८८ बिंदूंची आहे. २०१६ मध्ये आलेल्या अल्ट्रा एचडी ब्ल्यू-रेची ३,८४० × २,१६० बिंदूंची. असा संग्रह असणाऱ्याने महाग वादकाकडून फार अपेक्षा ठेवू नये. परदेशातून वादक आणताना विभाग-संकेतही पाहावा लागतो : भारत डीव्हीडीसाठी पाचव्या व ब्ल्यू-रेसाठी ‘सी’ विभागात येतो.

किंमत : किमतीवरून दर्जा ठरविण्यातील धोका २०१० मध्ये उघड झाला. लेक्सिकॉन कंपनीचा बीडी-३० हा सु. ३,५०० डॉलरचा वादक ऑडिओहॉलिक्स या अमेरिकन प्रकाशनाच्या परीक्षकांनी उघडला, तेव्हा आत ओप्पो कंपनीचा सु. ५०० डॉलरचा बीडीपी-८३ त्याच्या पत्र्याच्या सांगाड्यासकट बसविलेला आढळला. मोजमापांतही दोहोंत दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. जादा पैसे जाड दर्शनी पट्टीचे व नावाचे होते. पुढे २०१८ मध्ये खुद्द ओप्पोने नवे वादक काढणे थांबविण्याचे जाहीर केले आणि तेव्हापासून अशी यंत्रे बहुधा जुन्या बाजारातच मिळतात. ती घेताना बदली लेसर मिळतो काय, हे आधी विचारावे. तबकडी आतून बाहेर वाचली जात असल्याने भरगच्च तबकडीचा शेवटचा भाग लावून पाहावा. थकलेला लेसर किंवा घासलेले सरकपट्टे असतील, तर अडखळणे बहुधा तेथेच सुरू होते.