विमान निवृत्त झालं की वैमानिकाचं काय होतं?

आजचा विषय विमानांचा आहे, पण इंजिन आणि पंख आज बाजूला ठेवू. एखादी कंपनी जुनी विमानं ताफ्यातून काढते, तेव्हा बातमीत त्या विमानाचा फोटो येतो, शेवटच्या उड्डाणाचा व्हिडिओ येतो. ती विमानं चालवणाऱ्या माणसांचं पुढे काय झालं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आज तेच समजून घेऊ.

आपल्या बंगळुरूला हा विषय परका नाही. कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन २००३ साली इथेच सुरू झाली. विजय मल्ल्यांच्या किंगफिशरचं नोंदणीकृत कार्यालय इथल्याच यूबी टॉवरमध्ये होतं. एअरएशिया इंडियाचं पहिलं विमान १२ जून २०१४ रोजी इथूनच गोव्याला गेलं. आज विमानतळावरच्या फलकावर या तिन्हींपैकी एकही नाव दिसत नाही. त्यांच्या वैमानिकांचं काय झालं हे कळायला आधी दोन गोष्टी माहीत हव्यात.

परवाना आणि यादी

पहिली गोष्ट, टाइप रेटिंग. गाडीचा परवाना असला की आपण मारुती चालवतो आणि टाटाही चालवतो. प्रवासी विमानाचं तसं नाही. वैमानिकाच्या परवान्यावर विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. एअरबस ए३२० चा वैमानिक उद्या सकाळी बोइंग ७३७ च्या कॉकपिटमध्ये बसू शकत नाही. त्यासाठी आधी वर्ग, मग सिम्युलेटर, मग परीक्षा, आणि त्यानंतर प्रशिक्षक शेजारी बसवून खरी उड्डाणं. यात महिने जातात, खर्च लाखांत जातो, आणि तेवढे दिवस तो माणूस नेहमीच्या ड्यूटीला मिळत नाही.

दुसरी गोष्ट, सेवाज्येष्ठता, म्हणजेच सीनिऑरिटी. कंपनीत रुजू झाल्याच्या तारखेप्रमाणे वैमानिकाला यादीत एक नंबर मिळतो. ज्या कंपन्यांत ही यादी काटेकोरपणे पाळली जाते, तिथे कॅप्टन कधी व्हायचं, मोठ्या विमानावर कधी जायचं, कोणत्या शहरात राहायचं, दिवाळीत सुट्टी मिळणार की नाही, हे सगळं त्या नंबरावर ठरतं. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत ही पद्धत सर्वांत कडक आहे. आपल्याकडे सरकारी एअर इंडियात ती घट्ट रुजली होती. खासगी कंपन्यांत व्यवस्थापनाच्या हातात जास्त असतं, तरी नंबराला किंमत असतेच.

काही जण विचारतील, गुणवत्ता सोडून तारखेला एवढं महत्त्व का? याचं एक कारण थेट आपल्या सुरक्षिततेशी जोडलेलं आहे. धुक्यात उतरायला नकार देणारा किंवा बिघाड दिसला म्हणून विमान न उडवणारा कॅप्टन कंपनीचं त्या दिवशी नुकसान करतो. त्याची बढती साहेबाच्या मर्जीवर असेल तर तो 'नाही' म्हणताना दहा वेळा विचार करेल. बढती तारखेवर असेल तर त्याला नकार देणं सोपं जातं.

चार विमानं गेली तर

आता एक हिशेब करू. आकडे समजण्यापुरते आहेत, कुठल्याही खऱ्या कंपनीचे नाहीत.

समजा, एका कंपनीकडे मोठी आणि छोटी अशी दोन प्रकारची विमानं आहेत. तिने चार मोठी विमानं निवृत्त केली. एका मोठ्या विमानामागे पाच कॅप्टन आणि पाच को-पायलट धरले, तर २० कॅप्टन आणि २० को-पायलट रिकामे झाले.

हे २० कॅप्टन यादीत वरचे आहेत. ते छोट्या विमानावर कॅप्टन म्हणून येतात. तिथे जागा वाढलेल्या नाहीत, म्हणून छोट्या विमानाचे सर्वांत नवे २० कॅप्टन उजव्या सीटवर, म्हणजे पुन्हा को-पायलट म्हणून बसतात. खांद्यावरची चौथी पट्टी उतरते आणि पगारही उतरतो. मोठ्या विमानाचे २० को-पायलटही छोट्याच विमानावर येतात. म्हणजे तिथे आता ४० को-पायलट जास्तीचे झाले. यादीच्या तळाचे ४० जण घरी जातात.

आता त्या ४० जणांकडे पाहा. त्यांच्यापैकी एकानेही ते मोठं विमान कधी चालवलेलं नाही. विमान एकाचं गेलं आणि नोकरी दुसऱ्याची गेली. शिवाय कंपनीला ६० जणांना नव्या विमानासाठी किंवा नव्या सीटसाठी तयार करावं लागलं. म्हणून 'जुनी विमानं काढली, इंधन वाचलं' एवढ्यावर हा हिशेब संपत नाही.

कोविडच्या काळात जगाने हे मोठ्या प्रमाणावर पाहिलं. २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजने ७४७, एअर फ्रान्सने ए३८० आणि अमेरिकेच्या डेल्टाने बोइंग ७७७ ताफ्यातून काढली. डेल्टाकडे ७७७ फक्त १८ होती, पण ती चालवणारे यादीतले ज्येष्ठ लोक होते. अशांना दुसरीकडे बसवायचं म्हणजे खालची साखळी हलणारच.

नवं विमान कुणाचं?

विमान जाताना भांडण होतं, तसंच ते येतानाही होतं. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सचं विलीनीकरण २००७ साली झालं. कागदावर कंपनी एक झाली, पण वैमानिकांच्या याद्या आणि संघटना दोन राहिल्या. मग बोइंग ७८७, म्हणजे ड्रीमलायनर येण्याची वेळ जवळ आली. मूळच्या एअर इंडियाचे वैमानिक म्हणत होते, लांब पल्ल्याची मोठी विमानं आम्ही चालवत आलो, आमची बढती त्यावर अवलंबून आहे. इंडियन एअरलाइन्सकडून आलेले म्हणत होते, कंपनी एक आहे तर संधीही सारखी द्या.

ज्येष्ठतेचा आणि नोकरीच्या अटींचा गुंता सोडवायला न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली गेली. तिचा अहवाल जानेवारी २०१२ मध्ये आला. तरीही मे महिन्यात इंडियन पायलट्स गिल्डचे वैमानिक कामावर येईनासे झाले. दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई केली, तरी संप जुलैच्या सुरुवातीपर्यंत चालला. परदेशी फेऱ्या रद्द झाल्या, प्रवासी अडकले. आणि पहिलं ड्रीमलायनर भारतात आलं सप्टेंबरमध्ये. म्हणजे भांडण ज्या विमानावरून पेटलं, ते तेव्हा अजून आलेलंही नव्हतं.

कंपनीच गेली तर?

आता बंगळुरूकडे येऊ. एअर डेक्कन आणि किंगफिशर २००८ मध्ये एक झाल्या. दोघींकडे ए३२० कुटुंबातली विमानं आणि एटीआर होती, त्यामुळे ताफा जुळवणं त्या मानाने सोपं होतं. पुढे पैसा संपला. विमानं भाड्याची होती, मालकांनी ती परत न्यायला सुरुवात केली. पगार महिनोन् महिने थकले. २० ऑक्टोबर २०१२ रोजी डीजीसीएने परवाना निलंबित केला.

इथे आपल्या मघाच्या हिशेबातली यादी कामाला येत नाही. नंबर कंपनीच्या आत चालतो. कंपनी बंद पडली की एक नंबरचा कॅप्टन आणि शेवटचा को-पायलट एकाच रांगेत उभे राहतात. अनुभवी कॅप्टनला दुसरीकडे थेट कॅप्टन म्हणून घेतात, पण त्या नव्या यादीत तो तळाला असतो.

त्या रांगेत कुणाला आधी दार उघडलं, हे परवान्यावरच्या टाइपवर होतं. ए३२० वाल्यांसाठी इंडिगो, गोएअर, एअर इंडिया अशी दारं होती. एटीआर वाल्यांना पर्याय थोडे होते. जेट एअरवेजकडे आणि एअर इंडियाच्या प्रादेशिक कंपनीकडे एटीआर होती. स्पाइसजेटकडे छोटं विमान होतं, पण ते क्यू४००, म्हणजे रेटिंग पुन्हा नवं. इंडिगोकडे एटीआर आली ती थेट २०१७ मध्ये. दोन मित्र एकाच दिवशी रुजू झालेले, एकाच दिवशी बेकार झालेले, पण एकाला काम लवकर मिळतं आणि दुसरा थांबून राहतो, याचं कारण हे.

एअरएशिया इंडियाची गोष्ट वेगळी. ती कंपनी बुडाली नाही, टाटांच्या घरात सामावली गेली आणि १ ऑक्टोबर २०२४ रोजी एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये विलीन झाली. तिची विमानं ए३२०, एक्सप्रेसची मुख्यतः ७३७. नाव एक, रंग एक, पण कॉकपिट दोन. अशा वेळी दोन याद्या जोडायच्या कशा? रुजू झाल्याची तारीख धरली तर जुन्या कंपनीचे लोक वर जातात. कॅप्टन झाल्याची तारीख धरली तर वेगाने वाढलेल्या कंपनीचे लोक वर जातात, कारण तिथे बढती लवकर मिळालेली असते. तिसरा मार्ग, दोन्ही याद्या ठरलेल्या प्रमाणात एकमेकींत गुंफायच्या. कुठलाही मार्ग घेतला तरी कुणीतरी खाली सरकतोच. म्हणून नियम आधी लिहून, सगळ्यांना दाखवून ठरवणं महत्त्वाचं.

घरात कुणी वैमानिक होत असेल तर

आपल्या श्रोत्यांत असे आईवडील आहेत, ज्यांनी मुलांच्या प्रशिक्षणासाठी घर गहाण ठेवलं आहे. त्यांच्यासाठी चार प्रश्न. सही करण्याआधी ते विचारा.

एक, मुलाला किंवा मुलीला कोणत्या टाइपवर घालणार, आणि तो टाइप देशात आणखी किती कंपन्यांकडे आहे? दोन, त्या ताफ्याचं वय काय? विमानं भाड्याची असतील तर करार कधी संपतात, आणि त्यांच्या जागी काय मागवलं आहे? तीन, रेटिंगचा खर्च कुणाचा, आणि बाँड किती वर्षांचा? कंपनीनेच तो टाइप बंद केला तर बाँडचं काय, हे कागदावर आहे का? चार, ज्येष्ठतेचा नियम लेखी आहे का?

नोटिशीचा कालावधीही लक्षात ठेवा. डीजीसीएने २०१७ मध्ये कॅप्टनसाठी तो एक वर्ष आणि को-पायलटसाठी सहा महिने केला. ताफा आकसतोय हे दिसलं म्हणून पुढच्या महिन्यात उडी मारता येत नाही. ताफ्याच्या बातम्या आधीपासून वाचत राहणं हाच उपाय.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या विमानाच्या निरोपाचा व्हिडिओ पाहाल, तेव्हा यादीच्या तळाशी असलेल्या त्या पंचविशीतल्या को-पायलटचाही विचार करा. तो त्या विमानात कधी बसलेला नसेल, पण बातमी त्याचीही आहे.

तुमच्या ओळखीत कुणी या बदलातून गेलं असेल तर त्यांना हा भाग जरूर पाठवा, आणि त्यांचं म्हणणं आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात.