फट बारीक केली की प्रकाश पसरतो

घाटकोपर स्टेशनबाहेर फेरीवाल्याकडे मिळतो तसला लाल लेझर पॉइंटर, दाढीची दोन ब्लेडं आणि चिकटपट्टी. एवढ्या सामानावर मुलुंडच्या आमच्या हॉलमध्ये हायझेनबर्गचं दर्शन घडलं. मदतीला बारावीतली भाची. ब्लेडांच्या धारा समोरासमोर आणून केसाएवढी, साधारण ०.१ मिलिमीटरची फट ठेवली, दिवे घालवले आणि तीन मीटरवरच्या भिंतीवर झोत सोडला. (झोतात डोळा घालायचा नाही, हे तिला तीनदा बजावलं.) भिंतीवर ठिपका नव्हताच. चारेक सेंटिमीटरचा लाल पट्टा आडवा पसरला होता, दोन्ही अंगांना फिकट तुकडे. फट निम्मी केली, तर पट्टा दुप्पट झाला.

"मामा, फट लहान केली तर पट्टा लहान व्हायला हवा ना?"

हवा होता खरा. पण गोम तिथेच आहे. फटीतून जाणारा प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, आडव्या दिशेत कुठे आहे हे आपण ०.१ मिलिमीटरपर्यंत पक्कं केलं. त्याबरोबर त्याचा आडवा संवेग सैल सुटला. तो नाकासमोर जाईना. जागा जितकी नेमकी, संवेग तितका मोकाट. १९२७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गने मांडलेलं अनिश्चिततेचं तत्त्व ते हेच.

यावर कुणी म्हणेल, ही तर लाटांची करामत, कण मध्येच कुठून आणले? शंका रास्त आहे. एक मिलिवॉटच्या पॉइंटरमधून सेकंदाला तीन हजार लाख कोटी फोटॉन निघतात. त्या गर्दीत एकट्याचं वागणं काय कळणार? १९०९ मध्ये केंब्रिजच्या जी. आय. टेलरने ज्योतीचा उजेड काळसर काचांआडून इतका मंद केला, की एका वेळी पेटीत जेमतेम एखादाच फोटॉन असावा. सुईच्या सावलीचा फोटो उमटायला तब्बल तीन महिने लागले, पण कडेचे पट्टे जसेच्या तसे आले. म्हणजे फोटॉन एकमेकांना ढकलून पसरत नाहीत. प्रत्येक जण एकाच जागी पडतो. कुठे, ते आधी सांगता येत नाही.

"बघायला गेलं की बिघडतं" असं हे तत्त्व भाषणांतून सांगतात, ते मला फारसं पटत नाही. दोष बघणाऱ्याचा नाही, उपकरणाचाही नाही. दोन्ही गोष्टी एकदम नेमक्या असणं प्रकाशापाशीच नाही.

प्रकाशाची आणखी एक अशीच जोडी आहे: फोटॉनची संख्या आणि लाटेची कला, म्हणजे लाट कुठल्या टप्प्यावर आहे ते. जुलैतला एकसुरी पाऊस पत्र्यावर ऐका. धार सारखी वाटते, पण थेंब तडतडतच पडतात. लेझरचंही तसंच. सरासरी १०,००० फोटॉन येणार असतील, तर शंभरेक इकडेतिकडे व्हायचेच. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोला चार किलोमीटरच्या भुजेत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक ओळखायचा असतो. तो या तडतडीत बुडून जातो.

उपाय कणकेच्या गोळ्यासारखा. एका बाजूने दाबा, दुसरीकडे फुगू द्या. कलेची अनिश्चितता कमी करायची आणि संख्येची वाढली तर वाढू द्यायची. असा 'दाबलेला' प्रकाश अमेरिकेतल्या लायगोच्या निरीक्षणांत २०१९ पासून वापरात आहे. फुगवटाही फुकट नसतो: फोटॉनच्या कमीजास्त माऱ्याने आरसेच थरथरतात. म्हणून कुठल्या कंपनसंख्येला कुठली बाजू दाबायची, हेही आता ठरवतात.

भारताचा लायगो हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ होतो आहे. २६०० कोटींची मंजुरी एप्रिल २०२३ मधली. त्याच महिन्यात राष्ट्रीय क्वांटम मिशनही मंजूर झालं. त्यातलं संवेदन आणि मापनाचं केंद्र पवईच्या आयआयटीकडे आलं, आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर.

भाची मात्र अजून ब्लेडांपाशीच होती. फट बारीक करत करत तिने पट्टा कपाटापर्यंत नेला, मग दारापर्यंत. शेवटी तो इतका पसरला, की दिसेनासाच झाला.