जमिनीतील स्थिर तापमान व घरातील गारवा

विहिरीचे पाणी थंडीत कोमट व वैशाखात गार लागते, हा प्रत्येक शेतकऱ्याचा अनुभव आहे. वस्तुतः पाण्याचे तापमान फारसे बदलत नाही. बदलते ती वरची हवा. दिवसाच्या उन्हाची झळ जमिनीत दोन हातांखाली क्वचितच पोचते. सुमारे १० मीटर खोलीवर तर ऋतूंचा फरकही जवळजवळ नाहीसा होतो व तेथील तापमान हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास राहते. विदर्भात मे महिन्यात हवा ४२ अंश सेंटिग्रेडच्या वर तापते, तेव्हाही या खोलीवरील जमीन तिच्याहून पुष्कळ थंड असते. या फरकाचा उपयोग करून घेणारे यंत्र म्हणजे भू-उष्णता पंप होय. वज्रेश्वरीसारख्या उन्हाळ्या झऱ्यांशी त्याचा संबंध नाही.

यंत्राचे कार्य

पाण्याचा पंप पाणी खालून वर चढवितो, तद्वत हा पंप उष्णता थंड जागेतून गरम जागेकडे नेतो. जमिनीत प्लॅस्टिकच्या नळ्या पुरून त्यांतून पाणी फिरवितात. नळ्या १.५ ते २ मीटर खोल चरांत आडव्या, अथवा बहुधा ६० ते १५० मीटर खोल छिद्रांत उभ्या बसवितात. यंत्रातील द्रवाची वाफ होताना तो उष्णता शोषून घेतो. ती वाफ दाबली असता अधिक तापते व पुन्हा द्रवरूप होताना उष्णता बाहेर टाकते. उन्हाळ्यात घरातील उष्णता जमिनीत जाते. थंडीत हाच क्रम उलटविता येतो. अनुकूल परिस्थितीत १ युनिट विजेवर ३ ते ४ युनिट उष्णता हलविली जाते.

लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्ये उष्णता पंपाची कल्पना मांडली, तर जमिनीतून उष्णता घेण्याचे एकस्व स्वित्झर्लंडमध्ये १९१२ मध्ये नोंदविले गेले. स्वीडनसारख्या थंड देशात आज असंख्य घरे या रीतीने ऊबदार ठेवली जातात.

आपल्याकडील मर्यादा

१. थंड देशात मुख्य गरज उबेची असते. आपल्याकडे जमिनीत केवळ उष्णता ढकलली जाते. हिवाळ्यात ती परत काढली न गेल्यास नळ्यांभोवतीची जमीन वर्षानुवर्षे तापत जाते व लाभ घटतो.

२. कोरड्या मातीतून उष्णता सावकाश वाहते. काळ्या जमिनीस उन्हाळ्यात भेगा पडून आडव्या नळ्यांचा मातीशी संबंध सुटू शकतो.

३. छिद्रे पाडण्याचा खर्च मोठा असतो. विहिरीचे पाणी यंत्रातून फिरवून ओढ्यास सोडून देणे टंचाईच्या गावी सर्वथा अयोग्य होय. छिद्राभोवतीची पोकळी नीट न बुजविल्यास वरचे घाण पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळण्याचा धोका असतो.

प्रथम काय करावे

छपरास पांढरा चुना द्यावा. पत्र्यावर उन्हाळ्यापुरते पाचट अंथरावे व ते आगीपासून जपावे. पश्चिमेच्या भिंतीस झाडाची सावली द्यावी. गोठ्यात वारा खेळता ठेवावा. दुधाच्या किटल्या विहिरीच्या ताज्या पाण्याच्या टाकीत ठेवल्यास दूध लवकर निवते. तेच पाणी मागाहून झाडांस द्यावे. जमिनीच्या गारव्याचा हा सर्वांत स्वस्त उपयोग होय.

मोठे रुग्णालय, वसतिगृह अथवा दूध शीतकेंद्र यांच्यासाठी भू-उष्णता पंपाचा विचार तज्ज्ञांकडून जमीन तपासून करता येईल. एका कुटुंबाच्या घरासाठी मात्र कर्ज काढून तो बसविण्यापूर्वी वरील उपाय पूर्ण झाले आहेत काय, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यासमवेत पाहावे व मगच सल्ला द्यावा.