दोन जुनी कार्डे आणि डाखाची कैफियत

जुन्या यंत्रांची तुलना करावयास बसले म्हणजे आपण सहसा त्यांच्या ऐन उमेदीतील पराक्रमाचे आकडे पुढे ओढतो. परंतु इतकी वर्षे लोटल्यावरही जे यंत्र कोणाच्या तरी मेजावर चालू आहे, त्याचे खरे मोल त्या आकड्यांत नसून त्याच्या सांध्यांत असते, असे माझे मत एनव्हिडियाचे ‘जीफोर्स ९८०० जीटी’ आणि एएमडीचे ‘रेडिऑन एचडी ४८५०’ या दोन ग्राफिक्स कार्डांच्या दीर्घ नादाने बनले आहे. २००८-०९ च्या सुमारास कोल्हापुरात सुटे भाग आणून स्वतःचा संगणक जुळविणाऱ्या मुलांच्या तोंडी ही दोन नावे हटकून असत, आणि दोहोंत सरस कोणते या वादाचा फैसला लावण्यात रात्री खर्ची पडत.

खेळातील कामगिरीचा तपशील आधी उरकतो, कारण तो फारसा वादग्रस्त राहिलेला नाही. एचडी ४८५० हे जून २००८ मध्ये १९९ डॉलर किमतीला आले. डॉलर त्या वेळी त्रेचाळीस रुपयांच्या आसपास असल्याने मूळ किंमत साडेआठ हजारांच्या घरात जाई, आणि त्यावर कर, जकात व दुकानदाराचा नफा चढे. त्याच्या आरव्ही७७० चिपमध्ये ८०० प्रक्रियक होते, तर ९८०० जीटीच्या जी९२ चिपमध्ये अवघे ११२. मात्र हे ११२ प्रक्रियक १५०० मेगाहर्ट्झ गतीने धावत आणि ते ८०० केवळ ६२५ ने. कागदावरच्या गणितात रेडिऑन तिपटीच्या जवळ जाई, परंतु त्याचे प्रक्रियक पाचपाचांच्या १६० तुकड्यांत बांधलेले असून प्रत्येक तुकडीला एका वेळी पाचही हातांना पुरेल इतके काम मिळेलच असे नसल्यामुळे, पडद्यावर ती तिप्पट आघाडी चतुर्थांशाच्या आसपास येऊन थांबे. स्मृतीकडे जाणारा मार्ग दोघांचाही २५६ बिटांचा. त्यावरून सेकंदाला ९८०० जीटीचे ५७.६ तर एचडी ४८५० चे ६३.६ गिगाबाइट वाहत. १२८० बाय १०२४ च्या साध्या १७ इंची पडद्यावर, जो तेव्हा बहुतेक घरांत होता, एवढा फरक डोळ्यांना जाणवण्याआधीच बहुतेक खेळ दोन्हींवर सुरळीत चालत. तरीही केवळ कामगिरी आणि किंमत यांचा ताळेबंद मांडला तर रेडिऑन सरस, हे मी निःसंकोच लिहितो.

एनव्हिडियाच्या बाजूची एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खटकली आणि आजही खटकते. ९८०० जीटी हे नाव जुलै २००८ चे; आतील चिप २९ ऑक्टोबर २००७ रोजी ‘८८०० जीटी’ म्हणून बाजारात आलेलीच, तितक्याच प्रक्रियकांची आणि त्याच गतीची. पाटी बदलून गेल्या वर्षीचा माल नव्या पिढीचा म्हणून ग्राहकाच्या गळ्यात मारणे हा व्यापार नव्हे, दिशाभूल आहे.

परंतु या दोन कार्डांचा माग काढीत असता माझे लक्ष ज्याने कायमचे वेधून घेतले, तो एक दप्तरी कागद. २ जुलै २००८ रोजी एनव्हिडियाने अमेरिकी भांडवल-बाजाराच्या नियामकाकडे एक निवेदन दाखल केले. त्यात लॅपटॉपमधील आपल्या मागील पिढीच्या काही चिपा अपेक्षेहून अधिक प्रमाणात बिघडत असून त्याचे कारण चिप व तिचे वेष्टन यांसाठी वापरलेल्या द्रव्यांच्या संचातील दुर्बलता हे आहे, अशी कबुली देऊन त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद करीत असल्याचे कळविले होते. दुसऱ्या दिवशी समभाग सुमारे तीस टक्क्यांनी कोसळला, आणि त्या तिमाहीत प्रत्यक्ष खर्ची पडलेली रक्कम १९.६ कोटी निघाली.

‘द्रव्यांचा संच’ या सरकारी थाटाच्या शब्दांमागे दडलेली वस्तू म्हणजे डाख. सिलिकॉनची चिप उलटी करून तिच्या पोटाशी असलेल्या डाखाच्या असंख्य सूक्ष्म ठिपक्यांवर ती बसवितात, आणि ते ठिपके खालच्या हिरव्या फळीशी, म्हणजेच वेष्टनाशी, तिला जोडतात. कोल्हापूरजवळच्या हुपरीच्या चांदीकामात डाख कोणत्या उष्णतेला वितळावा आणि थंड झाल्यावर सांधा किती ताण सोसेल याचा विचार जसा कारागिराच्या हातात मुरलेला असतो, तसाच तो येथेही निर्णायक ठरतो. एका प्रकारच्या ठिपक्यात शंभरात पंचाण्णव भाग शिसे आणि उरलेले कथील असते. असा डाख ३०० अंशांच्या वर वितळतो, विद्युत्प्रवाह अधिक सोसतो, पण वारंवार वाकविला असता थकून तडकतो. दुसऱ्यात ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे. तो १८३ अंशांनाच वितळतो. आता उष्णतेने सिलिकॉन एका अंशास दशलक्षांत तीन भागांच्या आसपास वाढते, तर खालची फळी पंधरा-सोळा भागांनी. जी९२ चिपची बाजू अठरा मिलिमीटर. तापमान साठ अंशांनी चढले तर मध्यापासून कोपऱ्यापर्यंतच्या अंतरात दोघांच्या वाढीतील तफावत, मोकळीक असती तर, दहा मायक्रोनपर्यंत जाते. एका मिलिमीटरचा हा शंभरावा हिस्सा कोपऱ्यावरच्या ठिपक्यांना प्रत्येक खेळागणिक एकदा सोसावा लागतो. तो ताण वाटून घेण्यासाठी मधल्या पोकळीत एक राळ भरतात, तिला अंडरफिल म्हणतात. तीच जर कामाच्या उष्णतेला मऊ पडली तर सारा भार पुन्हा डाखावर येतो.

हे प्रकरण चव्हाट्यावर आणणारा मनुष्य चार्ली डेमर्जियन, ‘द इन्क्वायरर’ या नियतकालिकाचा वार्ताहर. कंपनीने दोषाची मर्यादा लॅपटॉपपुरती आखली होती. डेमर्जियनचे म्हणणे असे की मेजावरच्या संगणकांतील चिपाही, त्यांत जी९२ सुद्धा, याच रोगाच्या धनी आहेत. कंपनीने ते नाकारले. तेव्हा डिसेंबर २००८ मध्ये त्याच्या नियतकालिकाने एक नवा कोरा मॅकबुक प्रो विकत घेतला, त्यातील एनव्हिडियाच्या दोन्ही चिपा काढून करवतीने आडव्या चिरल्या, आणि त्या छेदांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करविली. एका चिपेचे ठिपके कथील-शिशाच्या दुसऱ्या मिश्रणाचे निघाले. ९६०० एम जीटी या चिपेचे मात्र शिसेबहुल. कंपनीचे उत्तर असे होते की शिसेबहुल डाख स्वतः दोषी नाही, दोष त्याच्या व राळेच्या जोडीत होता, आणि राळ आता बदललेली आहे. धातुशास्त्राच्या दृष्टीने हे उत्तर चुकीचे नाही, हे मान्य केले पाहिजे. पण राळ कोणत्या तारखेच्या मालापासून बदलली हे ग्राहकाला सांगण्याचे औदार्य कंपनीने दाखविले नाही, आणि माझी सहानुभूती म्हणूनच करवत चालविणाऱ्याकडे आहे. पुढे २०१० मध्ये न्यायालयात तडजोड झाली, ती अमेरिकेतील खरेदीदारांपुरती. आपल्याकडच्या ग्राहकाला तिचा काडीचा उपयोग नव्हता.

या चर्चेत आपल्या मुलखाची एक गोष्ट कोणी विचारात घेतलेली मला दिसली नाही. ती वर्षे महाराष्ट्रात भारनियमनाची. ज्याच्या घरी यूपीएस नव्हता, त्याचे ऐंशी अंशांवर तापलेले कार्ड खेळाच्या मध्यात क्षणात बंद पडे, पंखाही त्याच क्षणी थांबे, आणि वीज आली की तीच उठाठेव पुन्हा. चढउतारांची ही संख्याच डाखाला थकविते. त्यामुळे तीन वर्षांत इतरत्र जितके फेरे व्हावेत त्याहून कितीतरी अधिक येथे झाले असणार, असा माझा तर्क आहे. रेडिऑनही या बाबतीत निर्दोष नव्हते: एका खाचेत मावणाऱ्या त्याच्या थंडावकाचा पंखा आवाज कमी व्हावा म्हणून इतका मंद ठेवला होता की भार पडताच ते ऐंशी अंश ओलांडी. पण पंख्याची गती मालकाला वाढविता येते, डाख बदलता येत नाही.

दुरुस्तीच्या नावाखाली चालणारा प्रकार येथे स्पष्ट लिहिला पाहिजे. बंद पडलेले कार्ड ओव्हनमध्ये दोनशे अंशांवर भाजून किंवा हॉट एअर गनखाली धरून जिवंत करण्याचा उपाय सर्वतोमुखी झाला होता, आणि कार्ड कित्येकदा उठेही. पण शिसेबहुल ठिपके तीनशेच्या वर वितळतात, तेव्हा दोनशे अंशांत सांधा नव्याने जुळणे शक्यच नाही. राळ सैलावते, फळी फुगते, तड्याच्या दोन कडा एकमेकींना टेकतात, आणि काही आठवड्यांनी पुन्हा विलग होतात. रिबॉलिंगची कथा याहून खेदाची. त्यात बदलले जातात ते वेष्टन आणि कार्डाची मुख्य फळी (पीसीबी) यांमधले डाखाचे मोठे गोळे. तडा गेलेला असतो त्याच्या वरच्या मजल्यावर, चिप आणि वेष्टन यांच्यामध्ये. चांगल्या हाताच्या कारागिराने मेहनतीने केलेले काम अशा रीतीने चुकीच्या जागी वाया जाते, आणि ग्राहक हजार-दीड हजारांना मुकतो.

चालकांच्या बाबतीत, म्हणजे ड्रायव्हरच्या, पारडे उलटते. एएमडीने ४००० मालिकेला २०१२ मध्येच जुन्या मालाच्या यादीत टाकले. एनव्हिडियाने जी९२ ला २०१६ पर्यंत सांभाळले. लिनक्सवर मात्र रेडिऑनचा मुक्त चालक अधिक भरवशाचा, आणि जुना संगणक चालू ठेवू पाहणारा मनुष्य आज बहुधा तिकडेच वळतो. म्हणून निवड माझ्यावर सोपविली तर मी एचडी ४८५० घेईन, पंख्याची गती वाढवीन आणि थर्मल पेस्ट नव्याने लावीन.

९८०० जीटी मिळत असेल तर तेही टाकाऊ नव्हे. परंतु दुकानात ते एकदा चालू करून दाखविले एवढ्यावर व्यवहार पुरा करू नये. तासभर खेळ चालवावा, संगणक बंद करून कार्ड हाताला पूर्ण थंड लागेपर्यंत थांबावे, आणि मग पुन्हा सुरू करावे. पडद्यावर रंगीत रेघा किंवा चौकटी उमटल्या तर त्या याच थंड सुरुवातीला उमटण्याचा संभव सर्वांत अधिक. हे दुसऱ्यांदा सुरू करणे पाहू देण्यास विक्रेता तयार नसेल, तर भाजून उठविलेले कार्ड आपल्यापुढे ठेवले आहे असे समजून निघून यावे.